तेवीस नंबरचा खिळा

चौकी, २४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

हे पत्र सहा दिवसांपूर्वीच लिहायला हवं होतं. या सहा दिवसांत मी काय केलं ते सांगते. चौकीतल्या कंदिलाच्या काचा घासल्या, तू दिलेल्या स्वेटरची उसवलेली बाही पुन्हा विणली (तुला दाखवण्यासारखी नाही), खेचरवाल्याच्या शिंगरासाठी नावं शोधत बसले आणि एकही ठेवलं नाही. कागद पुढ्यात घेतला की हात दुसरीकडे पळायचा. तू म्हणशील, भिंगरीला यात नवीन काय? पण या वेळी आळस नव्हता गं. मी घाबरले आहे. बघ, अक्षरसुद्धा मधेच जाड होतंय, इतकं मी पेन दाबून धरलंय.

आधी जागेबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जुलैच्या पत्रात मी पानभर फुलं काढून ‘असं आहे सगळं’ एवढंच लिहिलं होतं. दोन डोंगर एकमेकांना खेटून उभे आहेत आणि मधल्या फटीतून नदी बाहेर येते. त्या फटीत एक लाकडी गेट आणि गेटला चिकटून दोन खोल्यांची चौकी. गेटच्या आत खोरं एकदम पसरतं, आणि वर्षातले तीन महिने ते फुलांनी भरतं. पिवळी, जांभळी, आणि एक निळं, खसखशीच्या फुलासारखं पातळ पाकळ्यांचं, ज्याच्याकडे बघितलं की आपण काय बोलत होतो तेच विसरायला होतं. लोक ते बघायला दोन तास चढून येतात. सकाळी सातला गेट उघडतं, संध्याकाळी पाचला बंद. आत रात्री कोणी राहायचं नाही. राहिलं तर थंडीने सकाळ बघणार नाही, असं चौकीदारकाका प्रत्येकाला सांगतात, हवामान सांगावं तसं.

माझं काम बिल्ल्यांचं. इथे नावगाव विचारायची पद्धत नाही. आत जाणाऱ्याला नंबर कोरलेला पितळी बिल्ला द्यायचा, बाहेर येताना तो परत घ्यायचा आणि भिंतीवरच्या फळीत त्याच्या खिळ्यावर लावायचा. साठ खिळे, साठ बिल्ले, म्हणजे दिवसाला साठच माणसं. पाचला फळी भरलेली दिसली की कुलूप. एक जरी खिळा रिकामा असला तरी काका शिट्टी घेऊन आत जातात, तिसऱ्या पुलापर्यंत, आणि माणूस सापडेपर्यंत गेट बंद होत नाही. बावीस वर्षं हे असंच चाललंय.

ती फळी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी दारातूनच परत फिरणार होते. बाबांची अवजारांची फळी आठवते ना? प्रत्येक खिळ्यामागे पान्ह्याचं चित्र, पकडीचं चित्र, आणि हातोडी जागेवर नसली की घरात कोणाला जेवायला वाढायचं नाही. त्या फळीपासून पळत पळत मी इतक्या लांब आले, आणि इथे येऊन बसले कशापुढे? फळीपुढे. तू हसली असतीस.

आता सांगते. अजून एकदा चहा करून घेते आणि सांगते.

अठरा तारखेला दुपारी तीनलाच धुकं उतरलं. लोक भिजून, कुडकुडत, भराभर परत येत होते, बिल्ले टेबलावर टाकून पळत होते. त्यात खेचरवाला धावत आला की घोडीला शिंगरू झालंय, उभं राहायला बघतंय. मी शिंगरू कधी उभं राहताना पाहिलं नव्हतं. पावणेपाचला मी बिल्ले लावले आणि तेवीस नंबरचा खिळा रिकामा.

लोक हौसेने बिल्ला खिशात घालून नेतात, आत्या. या मोसमात दोनदा झालंय. दोन्ही वेळा काका गुडघा धरून दोन-दोन तास धुक्यात शिट्टी फुंकत हिंडले, आणि आत कोणीच नव्हतं. मला वाटलं, तसंच असणार. खणात कोरे बिल्ले असतात, बदलीचे. एक काढला, त्यावर खिळ्याने २३ कोरलं आणि लावून टाकला. काकांनी दारातून फळीकडे पाहिलं. भरलेली दिसली. गेटला कुलूप घातलं.

मी शिंगरू बघायला गेले. चार पाय चार दिशांना, आणि तरी उभं राहिलं. फार छान होतं गं. तेच मला सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी कोणीच शोधत आलं नाही. मी स्वतःला म्हटलं, बघ, नव्हतंच कोणी. पण टेबलावर बसलं की पाठीमागे ती फळी असते, आणि तेवीस नंबर येतो तिथे मान गरम होते, जसं कोणी मागून बघत असावं. वीस तारखेला मी फुलं मोजायचं खोटं निमित्त काढून आत गेले. धुकं होतंच. तिसऱ्या पुलाच्या अलीकडे तेरडा आहे, आपल्या कुंडीतल्यासारखाच, पण माझ्या डोक्यापेक्षा उंच. त्याची पिकलेली बोंडं नुसता धक्का लागला तरी तट् करून फुटतात. मी चालले की तट्, तट्. मी थांबले. आणि माझ्या मागे, मी थांबल्यावर, पुन्हा तट्. मी म्हटलं, कोण आहे? वारा असेल. वारा नव्हता, आत्या. मी पळत सुटले आणि पायाखाली काहीतरी चमकलं.

चष्मा होता. वाटेच्या कडेला, पाकळ्यांत. डाव्या काचेला तडा. डोळ्याला लावून पाहिला तर सगळं मोठं झालं आणि वितळलं.

तो मी या पत्रासोबत पाठवतेय. चौकीत ठेवला तर काका विचारतील. तू चष्म्याच्या दुकानात बसून, गिऱ्हाईक दारातून आत येण्याआधी त्याचा चष्मा बघून माणूस सांगतेस. मला सांग, हा कोणाचा? बाईचा की पुरुषाचा? अशी माणसं चष्मा विसरून घरी जातात का? हो म्हण.

तेवीस नंबर घेणाऱ्याचा मला फक्त हात आठवतो. करडा हातमोजा, अंगठ्याला ठिगळ. मी वर पाहिलं नव्हतं, टेबलावर एक पतंग बसला होता, त्याचे पंख बघत होते. मी बिल्ला पुढे केला, पण त्या हाताने तो लगेच घेतला नाही. मग मी टेबलावर ठेवून दिला आणि म्हटलं, “पाचच्या आत परत.”

कोणाला सांगू नकोस.

तुझी भिंगरी


दुकान, २८ ऑगस्ट

भिंगरे,

पार्सल आज आलं. लगेच लिहिते आहे, खेचरवाल्याच्या सोमवारच्या टपालात पोचावं म्हणून.

चष्मा पुरुषाचा आहे. साठीच्या पुढचा. दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढलेला. एका डोळ्याचा नंबर अधिक अकरा, दुसऱ्याचा अधिक साडेदहा. अशा माणसाच्या डोळ्यांवरून काच गेली की त्याला स्वतःचा हात लांब करून बोटं दिसत नाहीत. उजेड दिसतो आणि रंग दिसतात, वस्तूंच्या कडा दिसत नाहीत. तुझ्या खोऱ्यात त्याला नुसता रंगांचा चिखल दिसेल.

तू विचारलंस, अशी माणसं चष्मा विसरून घरी जातात का? नाही. अंघोळ करतानासुद्धा ती चष्मा हाताशी ठेवतात.

काच लावूनही ही माणसं पडतात. जाड काचेच्या कडेला गोल आंधळी पट्टी असते, त्यामुळे दगड, पायरी, खड्डा एकदम पुढ्यात उगवतो. मी प्रत्येकाला सांगते, नुसते डोळे खाली करू नका, सगळी मान खाली घाला. चारपाच महिने तरी लागतात सवयीला. या चष्म्याच्या दांडीवर कानाचा घाम अजून मुरलेला नाही. नवा आहे.

हे पत्र हातात आहे तसंच घेऊन उठ आणि चौकीदारांना सगळं सांग. कोऱ्या बिल्ल्याचंही सांग. चहा करू नकोस. शिंगराकडे जाऊ नकोस. बसून विचार करू नकोस, उठ.

आणि मला तीन गोष्टी कळव. त्याच्याकडे छत्री होती का? कोट कसला होता? तो काही बोलला का?

चष्मा परत पाठवत नाही. तडा गेलेली काच काढली आहे, नवी घासायला घेतली आहे.

आत्या


चौकी, १ सप्टेंबर

प्रिय आत्या,

काल सांगितलं.

तुझं पत्र वाचलं आणि उठले. चहा नाही केला. काका गेटच्या बिजागरीला तेल देत होते. मी म्हटलं, “काका, तेवीस नंबर खोटा आहे.” त्यांनी हात पुसले, आत आले, तो बिल्ला खिळ्यावरून काढला आणि उजेडात धरला. मग म्हणाले, “अक्षर चांगलं आहे तुझं.”

त्यांनी एक मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं.

“कधीचा?”

“अठरा तारखेचा.”

ते खाली बसले. गुडघ्यामुळे नाही. “त्या दिवशी माझा गुडघा दुखत होता,” ते म्हणाले. “फळी भरलेली बघून मला बरं वाटलं होतं. मी जवळ येऊन बघितलं नाही.” आणि मग माझ्याकडे न बघता, “तेरा दिवस, पोरी.”

मी रडायला लागले तर म्हणाले, “ते नंतर. आधी शिट्टी दे.”

आज पहाटेपासून खालच्या वस्तीतली आठ माणसं दोर आणि काठ्या घेऊन आत आहेत. मला आत येऊ दिलं नाही. गेटवर कोणीतरी पाहिजे म्हणाले. गेटचं कुलूप काकांनी काढून नदीत फेकलं. खरंच. म्हणाले, तेवीस भरेपर्यंत याचं काम नाही. फुलं बघायला येणाऱ्यांना मी परत पाठवतेय. एक बाई म्हणाली, “इतक्या लांबून आलोय, नुसतं डोकावू तरी द्या.” मी तिच्यावर ओरडले. मग तिला पाणी दिलं.

दुपारी त्यांना नदीत छत्रीची मूठ सापडली. लाकडी. दोन खडकांत अडकलेली. बाकी छत्री नाही. म्हणून ते आता काठाकाठाने खाली शोधतायत. नदी शोधायची म्हणजे काय शोधायचं ते मला कळतं, आत्या. कोणी तोंडाने म्हणत नाही. तिसऱ्या पुलापलीकडे वाट वर चढते, तिथे पलीकडच्या उतारावर मेंढ्यावाले असतात, पण मधला ओढा फुगलाय, तिकडे जाता येत नाही. आणि इतक्या वर न दिसणारा माणूस कसा जाईल, असं सगळे म्हणतात.

तुझे तीन प्रश्न. ते वाचले आणि एकेक आठवत गेलं. छत्री होती, काळी, तो काठीसारखी टेकत होता. तिचा आवाज आठवतो, टक टक, टेबलापर्यंत. कोट तपकिरी असावा, खिसा मला बसल्या बसल्या समोर दिसत होता, त्यात पेन्सिल होती. आणि बोलला काही नाही. पण बिल्ला उचलल्यावर तो गेला नाही. टेबलाशेजारी भिंतीला नियमांचा कागद लावलाय ना, तो वाचत उभा राहिला. पाच ओळींचा कागद आहे, त्याला दहा मिनिटं लागली. मागे रांग होती. मी पतंगाकडे बघतच म्हटलं, “काका, वाचून झालं असेल तर बाजूला व्हा, लोक खोळंबलेत.” तो लगेच बाजूला झाला.

हे शेवटचं बोलणं त्याच्याशी झालेलं. माझं. तो कोणाचा तरी बाप असेल, आजोबा असेल.

तू चिडली आहेस, मला कळतंय. एवढ्या पत्रात एकही टोमणा नाही, ‘गाढवे’ नाही, स्वेटरच्या बाहीबद्दल अवाक्षर नाही. तुझं असं सरळ बोलणं मला काकांच्या शिट्टीपेक्षा भयानक वाटतं. आणि फुटका चष्मा दुरुस्त कशाला करतेस? कोणासाठी? मला चिडवायला? की मी ज्याला मारलं त्याची आठवण म्हणून माझ्या उशाशी ठेवायला?

शिंगराकडे गेले नाही. ते गेटपर्यंत आलं होतं, मीच हाकललं.

भिंगरी


दुकान, ५ सप्टेंबर

भिंगरे, गाढवे,

खाली बस. शेजारी कोणी असेल तर त्याला थांबायला सांग.

माझ्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक काचेच्या कडेला, नाकाच्या बाजूला, मी तीन ठिपके पाडते. भिंग लावल्याशिवाय दिसत नाहीत. काच परत आली तर कोणाच्या हातची ते कळावं म्हणून. तुझं पार्सल उघडलं, कड भिंगाखाली धरली, तीन ठिपके. अधिक अकरा, अधिक साडेदहा, काळी फ्रेम. ही जोडी मी मे महिन्यात घासली. माझ्या भावासाठी.

हो. दादासाठी. तुझ्या बापासाठी.

त्याचे डोळे तू गेल्यावर वर्षभरात गेले. ऑपरेशन झालं. तुला कळवू नको म्हणाला, “ती काय डॉक्टर आहे?” आणि तूही कधी विचारलं नाहीस, म्हणून मीही हट्टाला पेटले. तुम्हा दोघांच्या मधे टपालपेटीसारखी उभी राहून मी कंटाळले होते. तुझं जुलैचं पत्र मी त्याच्यापुढे टाकलं. तू काढलेली फुलं त्याने नव्या चष्म्यातून इतका वेळ पाहिली की मीच चिडले. म्हटलं, “जा की. बघून ये. पोरगी खाणार नाही तुला.” त्यावर तो म्हणाला, “तिने ओळख दिली नाही तर?” मी म्हटलं, “तर फुलं बघून परत ये.”

हे मी म्हटलं. मी. सोळा तारखेला तो निघाला तेव्हा डबा मीच भरून दिला. परत आला नाही तेव्हा वाटलं, तुझ्याकडेच राहिला असेल.

पहिल्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण मला तुझी नस माहीत आहे. बाबा म्हटलं असतं तर तू बसून राहिली असतीस, आठवणी काढल्या असत्यास, आठ दिवसांनी उठली असतीस. परक्या माणसासाठी तू उठशील याची मला खात्री होती. उठलीस. आणि खरं सांगायचं तर तोवर मीही स्वतःशी खोटं बोलत होते. छत्री विचारली, कोट विचारला. म्हटलं, कोणी दुसऱ्याने त्याचा चष्मा उचलला असेल. दादाच्या खिशातून कधी न हलणाऱ्या पेन्सिलीशी माझं खोटं संपलं.

रोज संध्याकाळी दुकान बंद करून मी त्याच्या घरी जाऊन बसते. दाराशी कोणीतरी असायला हवं. फळीवर सगळी अवजारं जागच्या जागी आहेत. एक खिळा रिकामा आहे, छोट्या स्क्रूड्रायव्हरचा. तो बरोबर घेऊन गेला असेल. कारखान्यात त्याने सदतीस वर्षं स्वतःचा बिल्ला देऊन अवजार घेतलं आणि अवजार देऊन बिल्ला घेतला. मला नेहमी सांगायचा, एकाचा बिल्ला परत आला नाही की अवजारखोलीतला माणूस घरी जाऊ शकत नाही. तुझ्या हातचा बिल्ला तो आठवण म्हणून खिशात घालून नेणाऱ्यातला नाही, गाढवे. हे मला पहिल्या पत्राच्या वेळीच कळायला हवं होतं.

चष्मा दुरुस्त कोणासाठी, विचारलंस. सोबत पाठवते आहे. कापसात गुंडाळलाय. उघडून त्याच्या दांड्या ढिल्या झाल्यात का ते बघ.

आत्या


चौकी, १० सप्टेंबर

आत्या,

पार्सल कालपासून टेबलावर आहे. उघडलं नाही. पत्र वाचलं. चारदा वाचलं. पहिल्यांदा वाचल्यावर मी काय केलं माहीत आहे? टेबलापुढे, तो उभा होता तिथे जाऊन उभी राहिले, आणि नियमांचा कागद वाचला. दहा मिनिटं लागत नाहीत. कितीही हळू वाचला तरी. मी तिथून खुर्चीकडे पाहिलं. तिथून खुर्चीत बसलेल्याच्या केसांचा भांग दिसतो, कपाळ दिसतं, नाक दिसतं. फक्त समोरच्याने मान वर करायची असते.

“काका, बाजूला व्हा,” म्हणाले मी त्यांना. आत्या, मी बाबांना काका म्हटलं, आणि ते बाजूला झाले.

रात्रंदिवस मला तोच आवाज येतो, बोंडं फुटण्याचा. जेवताना, रांगेत कोणी नसताना, तट्, तट्. त्या दिवशी धुक्यात माझ्या मागे कोण होतं? मी ‘कोण आहे’ विचारलं तेव्हा ते जवळ असते तर ओ दिली असती ना? की आवाज ओळखून गप्प बसले असते? म्हणाले असते, पुन्हा बाजूला व्हायला सांगेल? मला आता प्रत्येक गोष्टीची भीती वाटते. नदीचं पाणी कमी होतंय याचीसुद्धा, कारण कमी झाल्यावर तळ दिसतो.

शोधणारी माणसं चार दिवसांपूर्वी थकून खाली गेली. फक्त काका रोज आत जातात, गुडघ्याला पट्टा बांधून. वरच्या शिखरावर काल बर्फ पडलं. पंधराला मोसम संपतो आणि सगळे खाली उतरतात. मी विचारलं, “काका, गेट?” म्हणाले, “गेटला कुलूप कुठे आहे? तूच सांग.” ते मला अजून लागेल असा एकही शब्द बोललेले नाहीत. माझ्यापुरता चहा वेगळा ओततात आणि बशीने झाकून ठेवतात.

फुलं संपत आली. निळी कधीच गेली. मला वाटायचं इथे मी सगळ्यापासून सुटले. आता वाटतं, तेवढं सुटायला नको

थांब. बाहेर कुत्रं भुंकतंय. काका गेटपाशी कोणाशी तरी मोठ्याने बोलतायत. आतल्या बाजूने कोणीतरी आलंय. आतून, आत्या. आत कोणी नाही आज. मला उठवत नाहीये. मी लिहीत राहते, लिहीत राहिले तर

एक बाई आहे. पलीकडच्या उतारावरची मेंढ्यावाली, पायांत पोत्याचं गुंडाळलेलं, कमरेपर्यंत भिजलेली. ती आत आली, तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि टेबलावर काहीतरी ठेवलं. पितळी. २३. आमचा, खरा.

तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, हात थांबला तर मी वेडी होईन.

ती म्हणाली, “गेटवरची पोर तूच का? हे घे बाई, एकदाचं. डोकं खाल्लंय म्हाताऱ्याने. ओढा उतरला की बिल्ला पोचव, ओढा उतरला की बिल्ला पोचव. आम्ही या बाजूला कधी येत नाही. आमचा रस्ता खिंडीतून.”

काकांनी विचारलं, “माणूस आहे?”

“मेलेला माणूस एवढं बोलतो होय?” ती म्हणाली. “पाय मोडलाय. धुक्यात मेंढ्यांच्या घंटांमागे चालत चालत वर आला आणि आमच्या कुंपणात पडला. दिसत काही नाही, पण हात बघावेत! खिशातलं ते स्क्रू फिरवायचं इवलंसं पेचकस काढून आमच्या सगळ्या लोकर कापायच्या कात्र्या खोलल्या आणि परत जुळवल्या. आता म्हणे भांडी खिळ्यांना टांगा. माझ्या नवऱ्याने कालपर्यंत अकरा खिळे ठोकलेत. तो म्हणतो, याला लवकर घेऊन जा.”

काका हसले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. आणि हसता हसता भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी विचारलं, “ते माझ्याबद्दल काही म्हणाले?”

“म्हणाले ना. गेटवर माझी मुलगी आहे. बिल्ला परत गेला नाही तर तिला घरी जाता येणार नाही. ती तशीच बसून राहील.” तिने माझ्याकडे पुन्हा नीट पाहिलं. “बसलीच आहेस की.”

पार्सल उघडलं. दांड्या ढिल्या झालेल्या नाहीत. बाई म्हणते, आत्ता निघालो तर अंधाराच्या आत ओढा ओलांडू, उद्याचा भरवसा नाही. काकांनी स्ट्रेचरसाठी खेचरवाल्याच्या माणसांना हाक मारलीय, ते मागून येतील. मला एक क्षण थांबायचं नाहीये, आणि मला भीती वाटतेय, आत्या, या सगळ्या दिवसांत वाटली नव्हती तेवढी. चष्मा लावल्यावर त्यांना मी दिसेन.

काकांनी बिल्ला उचलून माझ्या हातात दिला. म्हणाले, “लाव. तुझ्या हाताने लाव.”

मी फळीपर्यंत गेले आणि परत आले. लावला नाही. माणूस बाहेर आल्याशिवाय खिळा भरायचा नसतो. तो मी खिशात घेतलाय, चष्म्याशेजारी. हे पत्र खेचरवाल्याकडे देते आणि निघते.

दाराशी बसून राहा.